मोगरा नुसताच वाढतोय, फुलत नाही: खताआधी ऊन आणि छाटणी

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यांनी नर्सरीतून मोगरा आणला, तेव्हा तो कळ्यांनी लगडलेला होता. घरी आणून मोठ्या कुंडीत लावला. रोज पाणी घालतात, दर पंधरा दिवसांनी मोहरीच्या पेंडीचं पाणी देतात. पानं हिरवीगार आहेत, फांद्या ग्रिलवर चढल्या आहेत, पण यंदाच्या उन्हाळ्यात जेमतेम चार-पाच फुलं आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हा नर मोगरा आहे, फेकून दे." आठवा मजला, पूर्वेची बाल्कनी. कोणतं खत द्यावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी काकूंच्या शंकेचं उत्तर देतो, म्हणजे झाड वाचेल. मोगऱ्यात नर-मादी अशी वेगवेगळी झाडं नसतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. शिवाय तुमच्याच झाडाला नर्सरीत कळ्या होत्या, म्हणजे फुलण्याची ताकद त्याच्यात आहेच. आणि मोगरा सहसा डोळा भरून किंवा कलम बांधून करत नाहीत, फांदीच्या छाट कलमावरच रोप तयार होतं. त्यामुळे गुलाबासारखी खालून जंगली फूट येऊन मूळ जात दबली, असंही इथे होत नाही. झाड तेच आहे, त्याची परिस्थिती बदलली आहे.

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग मी बदलून घेतो. "कोणतं खत देऊ" हा खरा प्रश्न नाही. इतकी पानं फुटताहेत म्हणजे झाड उपाशी नाही. खरा प्रश्न असा, की ते पानांवरच का थांबतंय, कळीपर्यंत का पोचत नाही.

मी वसई पट्ट्यात मोगरा, जाई-जुई लावतो आणि मुंबई-ठाण्यातल्या लोकांच्या बाल्कन्या, गच्च्याही बघतो. वाडीतल्या मोगऱ्याला जे लागतं तेच कुंडीतल्याला लागतं. फरक एवढाच, की वाडीत ऊन आणि जागा आपसूक मिळते, बाल्कनीत ती मिळवून द्यावी लागते.

मोगऱ्याची कळी नव्या, कोवळ्या फुटव्याच्या टोकाला येते, हे एकदा नीट लक्षात घ्या. बहुतेक वेळा एका टोकाला तीन कळ्या, मधली आधी फुलते, मग बाजूच्या दोन. एखाद्या जोमदार फुटव्यावर याहून जास्तही येतात. जुन्या, तपकिरी, लाकूड झालेल्या फांदीवर थेट कळी येत नाही. म्हणजे फुलांचा हिशेब सरळ आहे: जितके नवे फुटवे, तितके कळ्यांचे झुपके. तुमच्या ग्रिलवर चढलेल्या चार लांब वेलांना टोकं चारच आहेत. त्याच फांद्या छाटल्या, की प्रत्येक पेरापासून, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीपासून, दोन-दोन धुमारे निघतात आणि चाराच्या जागी वीस-पंचवीस टोकं तयार होतात. माझ्याकडे येणाऱ्या "फुलत नाही" या तक्रारींपैकी बहुतेक झाडांना घरी आल्यापासून कधी कात्रीच लागलेली नसते. लोकांना हिरवी फांदी कापायची जीवावर येते, ते मला समजतं. पण न कापणं ही मोगऱ्यावरची माया नाही.

आता उन्हाबद्दल. इथे मात्र सगळं तुमच्या इमारतीवर अवलंबून आहे आणि मी इथून ठामपणे सांगू शकत नाही. मोगऱ्याला सहा तास थेट ऊन मिळालं तर तो भरभरून फुलतो. चार तासांत बऱ्यापैकी फुलतो. तीन तासांच्या खाली गेलात, की पानं मोठी आणि गडद होतात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, फांद्या लोंबतात आणि कळ्या मोजक्याच येतात. तुमच्या वर्णनातलं "हिरवंगार आणि ग्रिलवर चढलेलं" हे मला उन्हाच्या कमतरतेसारखंच वाटतंय. ते झाड उजेड शोधत निघालंय.

बाल्कनीतली एक अडचण फार कमी जणांच्या लक्षात येते. मोगऱ्याचा मुख्य हंगाम फेब्रुवारीअखेरीपासून जूनपर्यंत, आणि नेमका तेव्हाच सूर्य डोक्यावर चढत जातो. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्याला भर दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो. त्यामुळे वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब तुमच्या झाडावर लवकर सावली टाकतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं, पण मोगरा तेव्हा झोपलेला असतो. म्हणून "आमच्याकडे भरपूर ऊन येतं" असं कोणी सांगितलं, की मी विचारतो, कोणत्या महिन्यात? तुमच्या पूर्वेच्या बाल्कनीत एप्रिलमध्ये झाडाच्या पानांवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून बघा. कुंडी जमिनीवर ठेवली आहे की उंच स्टुलावर, भिंतीशी आहे की कठड्याशी, यानेसुद्धा तास-दीड तासाचा फरक पडतो. कठड्याच्या आतल्या बाजूला, ग्रिलला चिकटून, जितकी पुढे सरकवता येईल तितकी सरकवा. आठव्या मजल्यावर कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर मात्र कुंडी ठेवू नका. खाली माणसं चालतात.

नर्सरीत तो का फुलला होता, तेही आता उघड होईल. तिथे तो दिवसभर उघड्यावर होता, छोट्या पिशवीत होता आणि हंगामाआधी त्याची छाटणी झालेली होती. तुम्ही आणलात तेव्हा त्या मेहनतीच्या कळ्या होत्या. तुमच्याकडे आल्यावर त्याला मोठी कुंडी, रोजचं पाणी, नत्राचा (नायट्रोजनचा) मारा आणि अर्धं ऊन मिळालं. या चारही गोष्टी पानांच्या बाजूने ओढतात.

नत्राचा मारा का म्हणतो? मोहरीच्या पेंडीत साधारण पाच टक्के नत्र असतं, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) त्यामानाने बरंच कमी. म्हणजे पंधरा दिवसांनी तुम्ही जे पाणी घालता ते मुख्यतः पानं वाढवणारं खत आहे. याउलट तामिळनाडू कृषी विद्यापीठाची मोगऱ्यासाठीची शिफारस बघा: जमिनीतल्या एका झाडाला वर्षाला 60 ग्रॅम नत्र, 120 ग्रॅम स्फुरद आणि 120 ग्रॅम पालाश, दोन हप्त्यांत, पहिला छाटणीनंतर आणि दुसरा जून-जुलैमध्ये, सोबत शेणखत. ज्या राज्यात मोगरा शेतात पिकतो, ज्याच्या मदुराई मल्लीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या लोकांनी नत्र निम्मं ठेवलंय. ही मात्रा कुंडीत तशीच घालायची नाही, मुळं जळतील. पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पेंडीचं पाणी वाईट नाही, ते चुकीच्या वेळी आणि एकटंच दिलं जातंय.

मग करायचं काय? माझ्याकडे मोगऱ्याचं वर्ष पावसाळा संपल्यावर सुरू होतं. ऑक्टोबरपासून सगळी खतं बंद. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी कमी करत आणायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झाडाला ताण द्यायचा, म्हणजे आठ-दहा दिवस पाणी जवळजवळ तोडायचं. डाळिंबाला किंवा लिंबाला बहार धरायला शेतकरी ताण देतात, तेच तत्त्व. झाडाची वाढ थांबते, जुनी पानं पिवळी पडून गळायला लागतात, फांद्यांत अन्नसाठा राहतो. कुंडीत मात्र सांभाळून. जमिनीत मुळं खोल जाऊन ओल शोधतात, कुंडीत कुठे जाणार? दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर ताण योग्य आहे. सकाळीही मलूलच दिसली, तर लगेच पेलाभर पाणी घाला. दहा इंचाहून लहान कुंडीला मी ताण देतच नाही, फक्त पाणी निम्मं करतो.

डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत छाटणी. तामिळनाडूत नोव्हेंबरच्या शेवटीच मोगरा छाटतात, आपल्याकडे कोकणात महिनाभर उशिरा केलेली मला बरी वाटते. घाटावर, पुण्या-नाशिककडे थंडी जास्त असते, तिथे जानेवारीअखेरपर्यंत थांबलात तरी चालेल, कारण कडाक्याच्या थंडीत फूट येतच नाही. वाडीतलं झाड आम्ही गुडघ्याएवढं, म्हणजे जमिनीपासून साधारण 45 ते 50 सेंटीमीटरवर कापतो. कुंडीतलं झाड मातीपासून दीड वीत ठेवा. आधी वाळक्या, काटकीसारख्या बारीक आणि आतल्या बाजूला घुसलेल्या फांद्या मुळापासून काढा. उरलेल्या चार-सहा जाड फांद्या पेराच्या वर अर्ध्या सेंटीमीटरवर, धारदार कात्रीने, तिरक्या कापा. उरलेली पानं हाताने खुडून टाका, झाड अगदी बोडकं दिसलं तरी. कापल्यावर घरातले लोक म्हणतील, झाड मेलं. दोन-तीन आठवडे धीर धरा, प्रत्येक पेराशी तांबूस-हिरवे डोळे फुटलेले दिसतील.

हीच वेळ माती बदलायची. दोन वर्षांत कुंडीत मुळांचं जाळं झालेलं असतं. झाड मातीच्या गोळ्यासकट काढा, बाहेरून आणि खालून तिसरा हिस्सा मुळं सुरीने तासा आणि बारा इंची कुंडीत नव्या मातीत लावा. मी अर्धी लाल माती, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव हिस्सा जाड वाळू किंवा कोकोपीट घेतो. त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचं खत. पुण्याकडची काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि बहुधा चुनखडीची असते. चुनखडीत मोगऱ्याला लोह मिळत नाही. शेंड्याची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ते हेच. बोअरचं जड पाणी रोज घातलं तरी कालांतराने तसंच होतं. अशा वेळी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. ठाणे-मुंबईच्या तलावाच्या पाण्यात ही अडचण क्वचित येते.

छाटणीनंतर पहिलं पाणी भरपूर, मग वरची इंचभर माती सुकल्यावरच. फूट दोन-तीन इंचांची झाली की तुमच्या पेंडीचं पाणी एकदा द्या, पातळ करून. आता ते योग्य वेळी आहे, फुटव्यांना नत्र हवंच असतं. त्यानंतर महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि चहाचा अर्धा चमचा सल्फेट ऑफ पोटॅश. एवढं पुरे. केळीच्या सालांचं पाणी, कांद्याच्या सालांचं पाणी, ताक, चहाचा चोथा याबद्दल मला रोज विचारतात. त्यातलं काही घातलं म्हणून झाड मरणार नाही, पण कमी उन्हातला न छाटलेला मोगरा त्यातल्या कशानेही फुलणार नाही. साली खतात कुजवा, तिथे त्यांचा उपयोग आहे.

छाटणीपासून कळ्या दिसायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला कापलंत तर फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये पहिला बहर. आणि इथेच लोक पुढची चूक करतात, पहिला बहर झाला की झाड तसंच सोडून देतात. फुलं झडलेल्या प्रत्येक टोकाखाली दोन जोड पानं सोडून फांदी कापा. तिथून पुन्हा धुमारे, पुन्हा टोकं, पुन्हा कळ्या. असं करत गेलात तर जूनपर्यंत तीन-चार बहर मिळतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. कळ्या आल्यावर एखाद्या दुपारी कुंडी खडखडीत वाळली, तर त्या न फुलताच पिवळ्या पडून गळतात. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागू शकतं. तापमानाची भीती नको, विदर्भातल्या उन्हाळ्यातही पाणी मिळालेला मोगरा मजेत फुलतो.

थोडक्यात सांगायचं तर आत्ता, दसऱ्याच्या सुमाराला, खत बंद करा आणि कुंडी पुढे सरकवा. डिसेंबरात ताण, वर्ष बदलताना छाटणी आणि नवी माती, फूट आल्यावर खत, आणि मार्चपासून प्रत्येक बहरानंतर हलकी कात्री.

कळ्या आल्या आणि तरीही फुलं मिळत नाहीत, असं झालं तर तो वेगळा विषय, कीड बघायला हवी. कळीला बारीक भोक असेल, दोन-तीन कळ्या जाळीने एकमेकींना चिकटल्या असतील, तर आत अळी आहे. कळ्या गुलाबी-जांभळ्या होऊन, देठाशी फुगून, वाळून पडत असतील तर कळीमाशी. दोन्हींवर घरच्या झाडासाठी एकच खात्रीचा उपाय आहे: अशा कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाका, कुंडीत पडू देऊ नका, आणि कुंडीतली वरची माती अधूनमधून हलवा, कारण या किडींची पुढची पिढी मातीत तयार होते. पानं फिकट, ठिपकेदार आणि मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, सलग चार-पाच दिवस. निंबोळी तेल वापरायचं तर लिटरला पाच मिली, थोडा द्रव साबण घालून, सूर्य मावळल्यावर.

जातीबद्दलही बोलायला हवं, कारण सगळ्यांना एकच वेळापत्रक लावून चालत नाही. साधा, एकेरी किंवा दुहेरी पाकळ्यांचा मोगरा बाल्कनीत सगळ्यात भरवशाचा. बटमोगरा, ज्याचं फूल लहान गुलाबासारखं गच्च असतं, तो दिसायला अप्रतिम, पण हळू वाढतो आणि मोजकीच फुलं देतो. तुमचा बटमोगरा असेल, तर अपेक्षा निम्मी ठेवा. जाईचं पान पाच, सात, नऊ पर्णिकांचं असतं. जुईची पर्णिका एकच मोठी आणि तिच्या मुळाशी दोन इवल्या. या दोघी पावसाळ्याच्या आगेमागे बहरतात, त्यांची छाटणी जानेवारीत करायची. त्या वेली वाढतात म्हणून त्यांना जाळी किंवा मांडव द्यायचा, मोगऱ्यासारखं आखूड करायचं नाही. कुंद मात्र थंडीत फुलतो. माघातल्या तिलकुंद चतुर्थीला गणपतीला त्याचीच फुलं वाहतात. त्याला डिसेंबर-जानेवारीत छाटलंत तर वर्षभराची फुलं कापून टाकाल. त्याची कात्री फुलं संपल्यावर, मार्चमध्ये. दक्षिणेची बाल्कनी असलेल्यांना मी मोगऱ्याआधी कुंद सुचवतो, कारण त्याच्या बहरात ऊन आतपर्यंत आलेलं असतं. या कुळात जगभरात सुमारे 200 जाती आहेत आणि आपल्या सह्याद्रीतला रानमोगरा, म्हणजे कुसर, त्यातलाच. नर्सरीत "जस्मिन" म्हणून जे विकतात ते सगळं मात्र या कुळातलं नसतं. रातराणी वांगी-टोमॅटोच्या कुटुंबातली, कामिनी लिंबाच्या, तगर कण्हेरीच्या, अनंत कॉफीच्या. सुगंध असला तरी त्यांची निगा वेगळी, म्हणून घेताना मराठी नावाने विचारा.

छाटलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करा, खालची दोन पेरं ओल्या वाळूत खुपसा आणि सावलीत ठेवा. हिवाळ्यात सगळे लागत नाहीत, जून-जुलैच्या छाटणीतले जास्त लागतात. एखादी लांब फांदी हवी तर न कापता शेजारच्या कुंडीत वाकवून, मध्ये हलकी साल खरवडून मातीत दाबा. दाब कलम सहसा फसत नाही. शेजारच्या काकूंना पहिलं रोप त्यातलंच द्या.

शेवटी तुमच्या उन्हाचा निर्णय. एप्रिलमध्ये मोजून तीन तासांहून कमी ऊन निघालं, तर वरची सगळी मेहनत करूनही तुम्हाला दहा-वीस फुलांच्या पलीकडे मिळणार नाही आणि त्यात दोष ना तुमचा, ना झाडाचा. अशा वेळी सोसायटीशी बोलून फेब्रुवारी ते जून कुंडी गच्चीवर ठेवा, पाण्याची सोय असेल तरच. पाऊस लागला की खाली आणा. गच्ची मिळत नसेल तर हा मोगरा अंगणवाल्या कुणाला तरी द्या, आणि बाल्कनीत कामिनी लावा. तिला एवढ्या उन्हात भागवता येतं, आणि पावसाच्या एखाद-दोन सरी झाल्या की ती एका रात्रीत पांढरी होते.